दुखवट्यातली पावलं

९ फेब्रुवारी

बर्फ पडायचा थांबला, पण अंगणात त्याचा निसरडा थर बसलाय. कोंबड्या अंडी घालत नाहीत. वहिनी पडली.

सरपणाच्या ढिगापाशी पडली. मी पुढे होते, हातात ओंडके. ती मागून येत होती. मी जरा थबकले, पाय कुठे टेकवावा ते बघत होते, इतक्यात तिने "वन्सं!" म्हणून ओरडून मला मागून घट्ट धरलं आणि आम्ही दोघी खाली गेलो. मी तिच्या अंगावर पडले म्हणून मला काही लागलं नाही. तिचं डावं मनगट गेलं. पडणारा माणूस हाताला येईल ते धरतो, त्यात तिचा तरी काय दोष.

कॉफीच्या दुकानवाल्या झिसिसने तिला त्याच्या गाडीतून खाली दरीतल्या दवाखान्यात नेलं. हाड तडकलंय. प्लास्टर घालून पाठवलं.

संध्याकाळी थालियाचा फोन. ही माझ्या भावाची, लाम्ब्रोसची मुलगी. यानिनाला असते. शहरात राहून तिचा आवाज चढलाय.

"आत्या, आई पुन्हा पडली ना, तर मी तिला इकडे घेऊन येणार. मग कोणाचं ऐकणार नाही."

"मी आहे की इथे," मी म्हटलं.

"तू आहेस गं. पण तू कुठे कुठे पुरणार?"

लाम्ब्रोस गेल्या शरदात वारला. वहिनी शहरात गेली तर या घरात मी आणि कोंबड्या. थालियाकडे जास्तीची खोली एकच आहे, ते तिने मी न विचारताच सांगितलंय. मला एकटीने राहायची भीती वाटते. हे कोणाला सांगायचं नाही म्हणून इथे लिहिते.

१३ फेब्रुवारी

दवाखान्यातून अस्पासिया नावाची बाई आली. पडलेल्या म्हाताऱ्यांना पुन्हा चालतं करणं हे तिचं काम. पन्नाशीची, जाड बुटांची, भडाभडा बोलणारी. वहिनीला खुर्चीतून उठवलं, चुलीपर्यंत चालवलं, परत आणून बसवलं. वहिनी झटक्यात जाऊन आली. मला वाटलं, पडणाऱ्या बाईच्या मानाने बरीच चपळ आहे.

मग ती बाई माझ्याकडे वळली. "एव्हांथियामावशी, तुम्हीपण उठून दाखवा ना."

"मी कशाला? मी कुठे पडले?"

वहिनी खिडकीबाहेर बघायला लागली. मी उठून दाखवलं. खुर्ची फार खोल आहे, हात टेकवावा लागतो. लाम्ब्रोसच्या मापाने केलेली खुर्ची ती.

बाईने इलाज काय सांगावा? नाच! दर मंगळवारी जुन्या शाळेत यायचं आणि आपल्या गावचे नाच करायचे. म्हणे, म्हातारपणी पाय सरळ चालायला शिल्लक राहतात, पण आडवं जाणं, मागे जाणं, एका पायावर थांबणं विसरतात, आणि माणूस पडतो ते तिथेच. आपल्या नाचांत नेमकं हेच सगळं आहे. "व्यायाम सांगितला तर आठवड्यात सोडता. नाच कोणाला शिकवावा लागत नाही."

मी म्हटलं, "बाई, या घरात माणूस गेलाय. वर्षश्राद्धाला वाटायचे गहू अजून उकडलेले नाहीत. आमच्याकडे रेडिओवर फडकं टाकलंय आणि तुम्ही नाच म्हणता?"

"मग नाच म्हणू नका. औषध म्हणा."

"औषधाला क्लॅरिनेट लागत नाही."

"नको तर नको," ती म्हणाली. "गप्प नाचा."

मी वहिनीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. "वन्सं म्हणतील तसं. पण मला एकटीला भीती वाटते. कोणीतरी हात धरायला हवं."

मी विचार केला. वाद्य नाही, गाणं नाही, म्हणजे नाच नाही. चालणंच ते, जरा आडवं. मी तिचा हात धरायला जाईन. पाय हलवावे लागले तर हलवीन.

२५ फेब्रुवारी

काल पहिला मंगळवार. हिवाळ्यात गावात धूर निघणारी घरं हाताच्या बोटांवर मोजावी इतकी, त्यातली निम्मी म्हातारी माणसं आली. हातात हात धरून साखळी केली. झिसिस तिच्या तोंडाशी, एका हातात काठी. शेपटाला वहिनी, प्लास्टरचा हात मोकळा राहावा म्हणून. तिच्या शेजारी मी, तिचा चांगला हात धरून.

आवाज काही नाही. फक्त बूट घासल्याचा आणि कोणाच्या तरी गुडघ्याचा. अस्पासिया सांगते, "उजवीकडे. मागून आडवं. आता पाय उचला आणि थांबा." ज्याला जेव्हा ऐकू येईल तेव्हा तो पाय उचलतो. साखळी कधी ताणली जाते, कधी सगळे एकमेकांच्या अंगावर.

झिसिस म्हणाला, "हा नाच आहे की बस चुकलेल्या लोकांची गर्दी?"

"नाच नाहीच आहे," मी म्हटलं.

"ते दिसतंय, एव्हांथिया. तुझ्या नजरेखाली माशीसुद्धा दुखवट्याने बसते."

थोड्या वेळाने तो तोंड मिटून गुणगुणायला लागला आणि साखळी एकदम ओळीत आली. मी हात सोडला आणि उभी राहिले. गुणगुणणं हे गाणं आहे की नाही यावर बराच वाद झाला. तो म्हणाला, तोंड बंद असल्यावर गाणं कसं? मी म्हटलं, लाम्ब्रोसला विचार. मग त्याने गुणगुणणं बंद केलं.

शाळेची जमीन माझ्या जागी खचली आहे. पाय उचलून थांबायचं म्हटलं की फळी कलते. वहिनीचा हात होता म्हणून बरं. म्हणजे, तिला माझा.

४ मार्च

जागा बदलून घेतली. ती जमीन सगळीकडेच खचलीय.

१८ मार्च

उपासाचे दिवस. घेवड्याचं पाणीदार कालवण आणि ऑलिव्ह. त्यात हे विनाआवाजाचे मंगळवार. दोन माणसं यायची बंद झाली. अस्पासिया म्हणाली, असं चाललं तर तिचे वरचे लोक बंद करायला सांगतील. वहिनीचा चेहरा पडला. मला थालियाचा आवाज ऐकू यायला लागला.

तेव्हा मला सुचलं, आणि ते मलाच सुचलं हे इथे लिहून ठेवते. दुखवट्याच्या घरात गाणं चालत नाही, पण विलाप चालतो. विलापासाठीच तर दुखवटा असतो. आणि विलापावर आजवर कोणी नाचलेलं नाही, तेव्हा विलाप चालू असताना जे काही होईल त्याला नाच म्हणता येणार नाही. मी हे सगळ्यांना समजावून सांगितलं. अस्पासिया म्हणाली, "मावशी, तुम्ही वकील व्हायला हवं होतं."

झिसिस म्हणाला, "पण म्हणणार कोण? आमच्या घरचं कोणी मेलेलं नाही सध्या."

वहिनीने सुरुवात केली. ती पलीकडच्या दरीतली, तिकडचे विलाप खोल असतात, एका स्वरावर बराच वेळ राहतात. लाम्ब्रोसचं नाव घेऊन म्हणाली. अंत्यविधीला ती एवढं म्हणाली नव्हती. तेव्हा तिच्या तोंडाला कुलूप लागलं होतं आणि मी मनात तिला नावं ठेवली होती. ती नावं मी काल परत घेतली. आम्ही सगळे हळूहळू उजवीकडे सरकत होतो, मागून आडवं, पाय उचलून थांब. विलाप संथ असतो त्यामुळे एका पायावर फार वेळ राहावं लागतं. अस्पासिया खूश होती, म्हणाली, याहून चांगला व्यायाम तिला शोधूनही सापडला नसता.

रडून झाल्यावर सगळ्यांना भूक लागली. मी घरी जाऊन पिठाच्या पातळ पापुद्र्यांच्या थरांत रानभाज्या भरून भाजल्या. वहिनीने दोनदा वाढून घेतलं.

२१ एप्रिल

ईस्टर झाला. अंडी रंगवली नाहीत, दुखवटा. तरी कोंबड्यांनी नेमकी आत्ताच घालायला सुरुवात केली.

आज तळघराच्या पायऱ्यांवर जरा बसले. उतरता उतरता बसावंसं वाटलं, एकदम. कंबर दुखते आहे. वहिनीला सांगितलं नाही, पण ती आवाज ऐकून आली. "काय पडलं?" "काही नाही, बटाट्याची टोपली." तिने टोपलीकडे पाहिलं. टोपली जागेवर होती. संध्याकाळी झिसिसला बोलावून तिने पायऱ्यांना कठडा लावून घेतला. मी म्हटलं, खर्च कशाला? म्हणाली, "मला लागतो."

बिचारीने धसकाच घेतलाय.

१९ मे

प्लास्टर निघून बरेच दिवस झाले तरी वहिनी शेपटालाच उभी राहते आणि माझाच हात मागते. गावातली बंद घरं उघडायला लागली. उन्हाळ्याला आलेली माणसं शाळेच्या खिडकीतून बघतात. विलाप ऐकून टोपी काढतात आणि मग पायांकडे बघून गोंधळतात.

आज अस्पासियाने नवा नाच घ्यायचं ठरवलं, गिरकी असलेला. दाखवायच्या आधीच माझे पाय गेले. ती थांबली. "मावशी, तुम्हाला सगळं येतं! तुम्ही खूप नाचला असाल तरुणपणी."

"नाही."

"मग कसं येतं?"

"बघून. बाकावर बसलं की पायच दिसतात."

वडील गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. त्यांच्या दुखवट्याचं काळं उतरायच्या आत आई गेली. मग जर्मनीला गेलेला धाकटा भाऊ वारला. त्यानंतर काळं बदलायला काही कारण उरलं नाही, आणि काळ्या कपड्यातल्या मुलीला मागणीही येत नाही. लाम्ब्रोसच्या लग्नात वहिनीने साखळीचं तोंड धरलं होतं, हातातला रुमाल असा फिरवत होती की क्लॅरिनेटवाला तिच्या मागे फरफटत होता. मी चर्चच्या भिंतीशी बसले होते. मला नाचाची कधी हौस नव्हती.

२९ जून

थालिया दोन दिवस राहून गेली. तिने पलंग घेतलाय. आईसाठी. गादीसकट.

अस्पासिया मुद्दाम आली आणि तिला सांगितलं की आईचा तोल छान आहे, तरण्या बाईलाही लाजवील. थालिया म्हणाली, "बाहेरून असं दिसतं हो. पण हिवाळ्यात इथे बर्फ असतो आणि या दोघीच. ती पडली तेव्हा आत्या शेजारीच होती ना? काय उपयोग झाला?"

वहिनी काहीतरी बोलायला गेली आणि तिने माझ्याकडे पाहिलं आणि गप्प बसली. मला तिचा राग आला. एक शब्द माझ्या बाजूने बोलली असती तर काय बिघडलं असतं?

अस्पासिया जाताना मला म्हणाली, "तुम्ही मंगळवार चुकवू नका हं, मावशी. काही झालं तरी." मी म्हटलं, मी हात सोडला तर वहिनी कशी येईल? "हो, तेच," ती म्हणाली.

१२ ऑगस्ट

थालिया परत आली. पंधरा तारखेला मरियमेचा सण, सगळा गाव येतो. सण झाला की आईला घेऊन जाणार असं ठरवूनच आली आहे. रिकामी बॅग बरोबर आणलीय.

वहिनी शांतपणे टोमॅटो वाळत घालत होती. मी विचारलं, "तुला जायचंय का?"

"माझ्या मनाचं कोण विचारतंय?"

"मी विचारतेय."

"नाही जायचं, वन्सं."

"मग सांग की पोरीला."

"सांगितलं. म्हणते, तू आत्यासाठी म्हणतेस." ती एक टोमॅटो उलटा करत राहिली. "तिला डोळ्यांनी दिसेल तेच खरं वाटतं. बापावर गेलीय."

डोळ्यांनी दिसेल असं काय आहे? शाळेतला मंगळवार दाखवावा तर शाळा सणाच्या स्वयंपाकाला दिलीय. आणि सणाला वहिनी चर्चच्या भिंतीशी बाकावर काळ्या कपड्यांत बसणार. बसलेली बाई म्हातारीच दिसते.

आमच्याकडे रीत अशी की दुखवट्यातली बाई आपण होऊन नाचात उठत नाही आणि परक्याने तिला ओढायचंही नाही. मेलेल्याच्या घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाने येऊन तिच्यापुढे हात धरायचा. मग कोणी तोंड उघडत नाही. पण तो हात वर्ष सरल्यावर धरतात. आणि ती मागू शकत नाही, मागणं फार लाजिरवाणं.

घरात वडीलधारी मीच.

लाम्ब्रोस, मला झोप येत नाही.

१६ ऑगस्ट

काल लिहायला झालं नाही.

प्रार्थनेनंतर चौकात चिनाराखाली टेबलं मांडली. आम्ही तिघी भिंतीशी, मध्ये वहिनी. रिवाजाप्रमाणे क्लॅरिनेटने आधी गेलेल्यांसाठी विलाप वाजवला आणि सगळे उभे राहिले. मग पहिला नाच सुरू झाला, झिसिस तोंडाशी. थालियाने आईच्या गुडघ्यावर शाल टाकली, आजाऱ्याला टाकतात तशी. म्हणाली, "उद्या लवकर निघू, ऊन व्हायच्या आत."

मी उठले.

"आत्या, कुठे? काही हवंय का?"

मी वहिनीपुढे उभी राहिले आणि हात पुढे केला. आजूबाजूची बोलणी थांबली. आजवर वर्ष भरायच्या आत कोणी असं केलेलं माझ्या पाहण्यात नाही, आणि मी सगळं पाहिलेलं आहे.

वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, विचार केलाय का? लोक काय म्हणतील?"

"लोक मला म्हणतील. ऊठ."

"आणि तुमचा भाऊ?"

"त्याला मी सांगेन. माझा भाऊ आहे तो."

ती उठली. शाल खाली पडली ती कोणी उचलली नाही. झिसिसने आम्हाला येताना पाहिलं आणि काठी उंच केली. "ए, दमानं वाजव! दुखवट्याचं घर येतंय!" साखळी उघडली. आम्ही शेपटाला लागलो, मी आणि मग ती.

एका फेरीत विसरले की चौकात माणसं आहेत. माझ्या पायांना सगळं ठाऊक होतं. हौस नव्हती असं याच वहीत मी कुठेतरी लिहिलंय, ते खोटं आहे. मला भरून आलं, आणि खरं लिहायचं तर ते लाम्ब्रोससाठी नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी मला या चौकात उतरायचं होतं. कोणी हात पुढे केला नाही. आज वहिनीपुढे मी केला आणि उतरले मीच.

गिरकीपाशी फरशीचा एक दगड वर आलाय. त्यात माझा बूट अडकला. चिनार आडवा झाला, टेबलं आडवी झाली. तेवढ्यात माझं डावं मनगट कोणीतरी पकडीत धरावं तसं आवळलं गेलं, आणि मी पुन्हा उभी होते, पाय उजवीकडे पडत होता, मागून आडवा. साखळी तुटली नाही. वहिनी समोर बघत होती, चेहऱ्यावर काही नाही, तिचं एक पाऊल चुकलं नाही. चौकात कोणाच्या लक्षातही आलं नसेल.

फक्त बाकापाशी थालिया उठून उभी होती, तोंडावर हात ठेवून. तिने आपल्या आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, बराच वेळ. मग हळूच खाली बसली.

१७ ऑगस्ट

मनगटावर वहिनीच्या बोटांचे निळे वळ उठलेत. सकाळी तिला म्हटलं, "वहिनी, एवढं घाबरून धरायचं नसतं. मी होते ना." ती म्हणाली, "चुकलंच माझं, वन्सं," आणि माझ्या मनगटाला तेल लावत बसली.

थालिया एकटीच गेली. रिकामी बॅग रिकामीच. पलंग पाहुण्यांना होईल म्हणाली. हिवाळ्याआधी अंगणाला खरबरीत फरशी घालून देणार आहे, सरपण झिसिस घरात आणून टाकेल. माझ्याकडे येऊन मला घट्ट मिठी मारली. अशी तिने लहानपणीसुद्धा मारली नव्हती. माणसाची किंमत उशिरा का होईना कळते.

गाडीत बसायच्या आधी ती आईच्या कानाशी लागली. माझे कान अजून शाबूत आहेत, मला सगळं ऐकू आलं.

"आई, आत्याचा हात सोडू नकोस."

निघायच्या घाईत उलटं बोलून गेली पोर. मी काही दुरुस्त करायला गेले नाही.